पाचर आणि मेण

ब्रेन्ता नदीच्या बंधाऱ्यावर वारा बोचत होता, तरी नीवेसचे तळवे घामाने ओले झाले होते. तिने ते कोटाला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मगच वडिलांची तिपाई वरच्या मानेला धरून उचलली. हात कोरडे असल्याशिवाय नळीला शिवायचं नाही, हा वडिलांचा, ओत्तोरिनो स्क्रेमिन यांचा, कारखान्यातला नियम. त्यांना जाऊन महिना झाला होता. नियम अजून चालू होता.

कॅमेऱ्याची तिपाई. तीन पाय, आणि प्रत्येक पायात एकात एक शिरणाऱ्या नळ्या. बाजारात मिळणाऱ्या तिपायांच्या कड्या फिरवून फिरवून आवळाव्या लागत; थंडीत बोटं बधिर झाली की फोटोवाले बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ओत्तोरिनोंच्या तिपाईच्या प्रत्येक पायाला नुसता एक खटका होता. पाय हवा तेवढा ओढायचा, खटका दाबायचा, झालं. खटक्याच्या आत नायलॉनची पाचर होती, आणि वरून जितका भार येईल तितकी ती नळीला घट्ट धरायची. ती पाचर त्यांनी हाताने घासून, अधूनमधून गालाला लावून बघत, आरशासारखी गुळगुळीत केली होती. असा नमुना एकच होता, आणि करणारा आता नव्हता.

आज तो खटका टिकला तर कारखान्याचे मालक बोर्दिन्योन साचा करायला देणार होते, आणि शरदात कोलोनला भरणाऱ्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात ही तिपाई मांडली जाणार होती. नाही टिकला तर बाहेरून तयार कड्या मागवायच्या आणि हा नमुना भंगारात. मालकांनी हे नीवेसला गाडीत बसतानाच सांगितलं होतं. बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं. ओत्तोरिनोंच्या शवपेटीचा एक कोपरा त्यांनीच खांद्यावर घेतला होता.

आईला कुणी बोलावलं नव्हतं. एल्दा काळा कोट घालून, पर्स पोटाशी धरून स्वतःहून गाडीत येऊन बसली होती. आज त्यांचा दिवस आहे, एवढंच ती म्हणाली.

मिलानहून टेलिव्हिजनचा कॅमेरामन रावाझी होड्यांच्या शर्यतीचं चित्रण करायला आला होता. मालकांच्या शब्दाखातर तो आपला कॅमेरा या नव्या तिपाईवर चढवायला तयार झाला होता. कॅमेरा वासराएवढा जड. जागा त्याने निवडली ती बंधाऱ्याच्या अगदी कडेची. दोन पाय वरच्या दगडावर, तिसरा पूर्ण लांबवून खालच्या पायरीवर, आणि त्याच्या पलीकडे फेसाळ पाणी.

नीवेसने तिसऱ्या पायावर, खटक्याच्या किंचित खाली, पेन्सिलीने रेघ ओढली. ही वडिलांचीच पद्धत. नळी आत सरकू लागली तर आधी ती रेघ गिळली जाते, मग पाय जातो. पेन्सिल दोनदा घसरली. थंडीने असेल, असं तिला वाटलं.

"श्वास घे बाई," बोर्दिन्योन म्हणाले. "तुझ्या बापाने आयुष्यभर माझ्या प्रत्येक वायद्यात पाचर मारली. आज ती मारली तिथे राहू दे म्हणजे मिळवलं."

वरच्या वळणावर पहिली होडी दिसली. रावाझीने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि होडीबरोबर वळताना पुढे झुकला. त्याचा निम्मा भार तिपाईवर आला. नीवेस होड्यांकडे बघत नव्हती. रेघ आणि खटका यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा होती. मग ती जागा उरली नाही. तिला वाटलं, आपली मान हलली असेल. तिने मान ताठ धरली. रेघेचा वरचा काठ खटक्याखाली गेला होता.

बोललं तर खटका गेला. मालक तिच्या डाव्या हाताला उभे होते, त्यांना हे दिसत नव्हतं. अजून चार होड्या, मग शर्यत संपेल, कॅमेरा उतरेल, आणि कुणाला काही कळणार नाही. रेघ अर्धी झाली. रावाझी आणखी झुकला.

तिने ठरवलं असं म्हणता येणार नाही. हात आधी गेले. खटक्याखाली नळी मुठीत आवळून ती म्हणाली, "सिन्योर रावाझी, कॅमेरा उचला. आत्ता."

तिच्या मुठीतून नळी अलगद वर सरकली. रावाझीने कॅमेरा छातीशी ओढला, त्याचे गुळगुळीत तळव्यांचे शहरी बूट ओल्या दगडावरून निसटले आणि तो एका गुडघ्यावर आपटला. बोर्दिन्योन यांनी त्याची कॉलर धरली. त्यांच्या डोंगरी बुटांचे दातेरी तळवे जिथल्या तिथे राहिले. होड्या खालून निघून गेल्या.

रावाझी कॅमेरा कवटाळूनच बसला. मग म्हणाला, घरी सांगू नका, बायकोला मी कधी इतक्या जोरात मिठी मारलेली नाही.

बोर्दिन्योन यांनी टोपी काढली, आत बघितली, पुन्हा घातली. "संपलं, नीवेस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

ती आपल्या तळहाताकडे बघत होती. तळहात बुळबुळीत होता. तिने तो नाकाशी नेला. मधमाश्यांचं मेण आणि टर्पेंटाइन: घरातलं कपाट, जिन्याचा कठडा, ईस्टरच्या आधी चकाकवली जाणारी आजीची पेटी. गेल्या रविवारी तिसाव्या दिवसाची प्रार्थना होती. माणूस गेलेल्या घरात त्याच्या वस्तू निस्तेज दिसल्या तर गाव नावं ठेवतं. आईने त्यांचे बूट चमकवले होते, घड्याळाची चौकट, कामाचं टेबल. आणि कोपऱ्यात पाय लांबवून उभी असलेली तिपाई.

खटका वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. आई चार पावलांवर उभी होती, पर्सचा खटका उघडत आणि मिटत.

"नळी कोरडी नव्हती," नीवेस म्हणाली.

"नदीवर कोण कोरडं असतं?" बोर्दिन्योन म्हणाले.

नीवेसने बुळबुळीत तळहात कोटाच्या खिशात घातला.

पर्सचा आवाज थांबला. "मेण मी लावलं," आई म्हणाली. "त्यांच्या सगळ्या वस्तूंना लावलं. तिलाही लावलं."

बोर्दिन्योन तिच्याकडे वळले. या वेळी टोपी काढली ती त्यांनी हातातच ठेवली.

"सिन्योरा एल्दा, तुम्ही लावलंत म्हणून ते इथे कळलं. गिऱ्हाइकांच्या घरी काय कुणी पुसत नाही? मी काय डब्यावर छापू, आईला दूर ठेवा म्हणून?" मग नीवेसकडे बघून ते म्हणाले, "कड्यांची ऑर्डर मी सोमवारी देणार. त्याआधी मेण लावूनही हाच खटका धरतो असं दाखव. पुसून नको. लावून."

गाडी घराकडे निघाली. काय करायचं ते नीवेसला बंधाऱ्यावरच दिसलं होतं, रावाझीच्या आणि मालकांच्या बुटांमध्ये. गुळगुळीत पाचरीखाली मेणाला पळायला वाट नव्हती, म्हणून पाचरच त्याच्यावर तरंगली. वडिलांनी कोरड्या नळीवर विश्वास ठेवला होता. कारखान्यात नळी कोरडीच असायची.

पण दिसणं वेगळं आणि कानस हातात घेणं वेगळं. घरी, वडिलांच्या कामाच्या टेबलाशी येऊन तिने तिसऱ्या पायाची पाचर काढून गालाला लावली. इतकी मऊ होती की गालाला नुसता गारवा कळत होता. हे शेवटचं त्यांच्या बोटांनी केलेलं. दुसरी करायला वेळ होता, नायलॉनही होतं. पण पाचरीच्या उताराचा त्यांचा अंदाज तिच्या हातात नव्हता. तिने पाचर व्हाइसच्या पकडीत आवळली आणि कानसेची धार आडवी लावली. पहिली खाच वाकडी गेली. पुढच्या सरळ आल्या. पांढरा भुगा टेबलाच्या चकाकत्या लाकडावर सांडत राहिला.

तिन्ही पायांच्या पाचरी झाल्यावर तिने हाक मारली. "ममा, मेणाचा डबा आण."

आई दारात थांबली. डबा तिने फडक्यात गुंडाळून आणला होता, चोरीचा माल असावा तसा. "पुन्हा?"

"लाव. कपाटाला लावतेस तसं."

आईने बोटभर मेण घेतलं आणि नळीला जेमतेम टेकवलं.

"हात आखडू नकोस, ममा. जाड लाव."

मेणावर पेन्सिल उठेना, तेव्हा नीवेसने सुईने ओरखडा काढला. खटका दाबला. माथ्यावर आधी वाळूची पिशवी टांगली, मग लेथचा लोखंडी जबडा. मग स्वतः दोन्ही हातांनी लोंबली आणि पाय जमिनीवरून उचलले. मान वळवूनही तिला ओरखडा दिसत नव्हता.

"बघ ना," ती म्हणाली.

आईने चष्मा शोधला, घातला, खाली वाकली. काहीतरी करकरलं. नीवेसने दात आवळले.

"पिवळं काहीतरी बाहेर येतंय," आई म्हणाली. "दोऱ्यासारखं."

"आणि रेघ?"

"रेघ आहे."

"अजून बघ."

"आहे गं. आहे तिथेच आहे."

नीवेस खाली उतरली. खटक्याखालून मेणाची बारीक वळी निघून नळीवर लोंबत होती. आईचं फडकं सवयीने त्या वळीकडे गेलं आणि वाटेतच थांबलं. तिने मुलीकडे बघितलं.

"पूस," नीवेस म्हणाली.