फळ्यावरचा गरुड

डोंबिवलीच्या पक्षीमित्र मंडळाचा एक दंडक होता. वाचनालयाच्या व्हरांड्यातील फळ्यावर, ज्याने पक्षी अवलोकिला त्याने त्याचे नाव लिहावे. ज्याला पटेल त्याने खाली 'सहमत' लिहावे, न पटेल त्याने आपले मत मांडावे. परंतु दुसऱ्याचे अक्षर कोणीही पुसू नये. दंडक घालणारे खुद्द मंडळाचे प्रमुख गुरुदत्त. त्यांच्या अक्षराखाली विरुद्ध मत आजवर उमटले नव्हते.

सन १९८९ च्या हिवाळ्यात ठाकुर्लीच्या खाडीवर त्यांना गरुड दिसला. त्यांनी झोकात लिहिले, 'ठिपक्यांचा गरुड'. मंडळाच्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ही नोंद झळकणार, या विचाराने त्यांचे पाय जमिनीस लागेनात. शिवराम आणि दामाजी या सभासदांची सहमतीही पडली. दुसऱ्या दिवशी मात्र त्याखाली सुबक अक्षरांत एक ओळ आढळली : 'ब्राह्मणी घारीचे पिल्लू. – उत्तरा.'

उत्तरा म्हणजे त्यांची सहधर्मचारिणी. खाडीवर ती सोबतच होती.

"चारचौघांत लिहिण्याआधी घरी सांगायचं होतंस," घरी येताच ते म्हणाले.

"सांगितलं होतं की. तुम्ही 'हं' म्हणालात."

गुरुदत्त चहा न घेताच बाहेर पडले. आपल्या बाजूची माणसे भक्कम करावी, हा हेतू. शिवराम भेटताच त्यांनी पक्ष्याची चोच कशी वाटली ते विचारले. शिवराम ओशाळला. तो खाडीवर गेलाच नव्हता. गुरुदत्तराव म्हणतात म्हणजे गरुडच असणार, असे तो धरून चालला होता. दामाजीने तर शिवरामची सही पाहून सही ठोकली होती. इतकी वर्षे ज्याला गुरुदत्त एकमत समजत आले, तो निव्वळ आदर होता काय?

परत येऊन ते ओट्यापाशी उभे राहिले. "तुला काय दिसलं, ते सांग तरी."

उत्तराने गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला. "दुर्बीण तुमच्या डोळ्याला होती. मी नुसती बघत होते. एक कावळा त्याच्या मागे लागला होता, अगदी अंगाला अंग. दोघांत फारसा फरकच नव्हता हो. गरुडापुढे कावळा केवढासा दिसला असता."

दुर्बिणीच्या वर्तुळात गुरुदत्तांना कावळा दिसलाच नव्हता. तिथे तो पक्षी एकटाच होता, आणि म्हणूनच थोर भासला होता.

सायंकाळी त्यांनी सर्वांदेखत स्वतःची ओळ पुसली. वर नाव नाही आणि खाली दोन 'सहमत' लोंबकळत राहिले. शिवरामने लगबगीने आपला 'सहमत' पुसून वहिनींच्या ओळीखाली लिहिण्यास खडू उचलला, तोच गुरुदत्तांनी त्याचा हात धरला.

"आधी बघून ये."

"आणि तुम्ही लिहिणार ना?"

"मलाही अजून बघायचाच आहे," गुरुदत्त म्हणाले. "रविवारी जाऊ. दुर्बीण हिच्याकडे राहील."