शर्यत म्हटल्यावर मी बैल बोलावले

आमच्या रविराजला अर्धंच बोलायची खोड आहे. उरलेलं ऐकणाऱ्यानं ओळखून घ्यायचं. लग्न जुळवायचं होतं तेव्हा "आई, भारतीला बघून ये" एवढंच म्हणाला. मला वाटलं पोरगी आजारी आहे. मी भाताची पेज घेऊन गेले.

या खेपेला म्हणाला, "आई, रविवारी पाटाखालच्या रानात शर्यत हाय." अन् गेला निघून.

ऊस तुटून ते रान मोकळं झालं होतं. गुडघ्यापायी मी पंधरा दिवस तिकडं फिरकले नव्हते. शर्यत म्हणजे बैलांची, आणखी कशाची असते? मी पुणतांब्याला भावाला, सूर्यभानला, फोन लावला. त्याची खोंडं तीन गावांत नावाजलेली.

रविवारी तो टेम्पोतून खोंडं अन् शर्यतीचा छकडा घेऊन आला. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. बांधावर पोचलो अन् बघतो तर काय! माझ्या दोन एकर काळ्या रानात जेसीबीनं पुरुषभर उंच ढिगारे घातलेले. पंचवीसेक पोरं फटफट्या घेऊन उभी, तोंड झाकणारी टोपडी घालून.

"आक्का," सूर्यभान म्हणाला, "ह्या ढिगावरनं छकडा कसा जायचा?"

"मला काय ठावं? तुझ्या भाच्याला विचार."

भाचा पळत आला. बैल बघून त्याचं तोंड उतरलं. "आई, ही मोटारसायकलची शर्यत हाय!"

"तू नुसतं शर्यत म्हणलास."

"मग शर्यतच हाय की ही!"

वर म्हणतो, "झाल्यावर तुझी सही लागंल. हे रान पाच वर्षं ट्रॅकला द्यायचंय."

सातबारा माझ्या नावावर. घरामागं कांद्याचं रोप लागणीला आलेलं, ते याच रानासाठी. उद्या नऊला ते लावायला बायका यायच्या होत्या. मी पोरांनी घातलेल्या मांडवात जाऊन बसले.

तिथं भोंग्यावर बोलायला नगरचे कानिफनाथ मिस्त्री होते. लष्कराच्या लिलावातल्या जीपा दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी विचारलं, "दादा, चांगला रस्ता सोडून ढिगावर कशाला चढायचं? आमच्या वस्तीवर डांबर यायला तीस वर्षं गेली."

"ताई, रस्ता नसंल तिथं जायला म्हणून लढाईत जीप काढली. लढाई सरली, जीपा लिलावात निघाल्या. लोकांनी शेतीलाबी वापरल्या. मग कुणीतरी हौसंनं डोंगरावर घातली."

"अन् फटफटी?"

"ती तर त्याच्याबी आधी. शंभर वर्षं झाली. विलायतेत डोंगरावर, उजाड माळावर पळवायचे. जिथं काय पिकत न्हाई तिथं."

"कामधंदा नव्हता का त्यांना?"

"हुता की. म्हणून तर सुट्टीच्या दिवशी."

कष्टाची माणसं सुट्टी मिळाली की हातपाय मोडून घेतात, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

शिट्टी झाली. एकदम भुंगे उठावेत तसा आवाज. पहिल्याच ढिगावरून एक गाडी हवेत गेली, माणसासकट. तो रविराज होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "हाण रव्या!" कोण ओरडलं म्हणून मी मागं बघितलं, तर सूर्यभान माझ्याकडंच बघून हसत होता.

धूळ नको म्हणून पोरांनी टँकरनं पाणी मारलेलं. आमची काळी माती ती! तिसऱ्या फेरीला चाकांना मातीचे गोळे चिकटले, साखळ्या दिसेनात. सात-आठ गाड्या जागेवर रुतल्या. रविराज खाली उतरून गाडी ढकलत रेघेपर्यंत आला. कितवा आला ते मला कळलं नाही. पहिला आलेला पोरगा अन् शेवटचा पोरगा एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. हेही कळलं नाही.

डोळे सोडून सगळा चिखलानं भरलेला माझा लेक कागद अन् पेन घेऊन पुढ्यात उभा राहिला. 

मी म्हटलं, "रव्या, ह्यातलं निम्मंबी मला समजलं न्हाई. मी का वरडले तेबी समजलं न्हाई. पर मिस्त्री सांगत्यात, हा खेळ उजाड माळावरचा. मग वढ्यापल्याडचा आपला मुरमाड माळ घे, पाच न्हाई, धा वर्षं घे, आत्ता सही करते. अन् त्यो जेसीबीवाला अजून गेला नसंल, तर त्याला थांबव. दिवस मावळायच्या आत हे ढीग सपाट झाले पायजेत. उद्या नऊला इथं कांदाच लागंल."