गोधडीखालचा आवाज

“अरे, तो कुकर कुणाचा हाय!” गोधडीच्या आतून शहादेव ओरडला.

“शेजारचा हाय पप्पा. आई गेलीय सांगायला,” दीपमाला बाहेरून म्हणाली. “तुमी घ्या परत. मांजरसुंब्यापासून.”

एप्रिलची दुपार, पंखा बंद, खिडक्यांना चादरी ठोकलेल्या आणि पलंगावर दोन गोधड्यांच्या आत बनियनवर मांडी घालून बसलेला शहादेव. समोर उशीवर लेकीचा मोबाइल आणि त्याला जोडलेला करंगळीएवढा माईक. माणूस घामानं न्हाऊन निघाला होता, पण गोधडी काढायची सोय नव्हती. गोधडीखाली आवाज घुमत नाही, असं दीपमालानं कुठंसं पाहून ठेवलं होतं.

“मांजरसुंबा,” तो म्हणाला. मग “गेवराई.” मग “उमापूर.”

उमापूर म्हणून झालं आणि तो थांबला. हा शब्द आपण पुन्हा कधी म्हणणार? आणि म्हणायचं म्हटलं तरी कशानं म्हणणार? त्यानं घशातली गाठ बोटांनी चाचपली. 

“पप्पा? झोपलात का काय?”

“न्हाई बाई. हाय.”

बीडमध्ये शहादेवला तोंडानं ओळखणारी माणसं थोडी. आवाजानं मात्र अख्खं शहर ओळखायचं. रईसच्या रिक्षावर दोन भोंगे आणि मागच्या सीटवर माईक घेऊन हा. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, उद्या नळाला पाणी येणार नाही, बसस्टँडवर लाल फ्रॉकातली मुलगी सापडली आहे, हे सगळं लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्याच तोंडून ऐकलं. टपरीवर जाऊन तो नुसता “एक चहा” म्हणाला तरी चार माना वळायच्या. दिसायला म्हणाल तर अगदीच किरकोळ गडी. पण माईक हातात आला की काय तो रुबाब!

हिवाळ्यात घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पाणीसुद्धा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ गिळायच्या वाटेवर आहे, तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल. सोमवारी भरती व्हा. जीव वाचेल.

“आन् बोलणं?” शहादेवनं विचारलं होतं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहायचं सोडून त्याच्या बायकोकडे, सत्यशीलाकडे पाहिलं. नवऱ्याला काय ते तिथंच कळलं.

ही शनिवार-रविवारची टूम दीपमालाची. पोरगी क्लासच्या ऑफिसात कंप्युटरवर बसायची, तिला यातलं कळत होतं. पप्पांचे शब्द सुटे सुटे भरून ठेवायचे. गावं, वार, वेळा, दुकानांतला माल. गिऱ्हाईक मोबाइलवर मजकूर पाठवेल, ती घरबसल्या तुकडे जोडून जाहिरात करेल आणि मोबाइलवरच पाठवून देईल. मग ती कुठल्याही गावात कुठल्याही रिक्षावर वाजू दे. त्यावर घर चालेल. ‘आवाज शहादेवचा’ असं पान तिनं शुक्रवारीच उघडून ठेवलं होतं. कंप्युटरकडूनच हुबेहूब आवाज काढून घेता येतो म्हणे. तेही तिनं करून पाहिलं. पण कंप्युटर “मांजरसुंबा” असं काही लाडात येऊन म्हणाला की रईस हसता हसता स्टुलावरून पडायचा राहिला. तो नाद तिथंच सुटला. आता सोमवारच्या आत जे भरून होईल तेवढंच आपलं, राहिला तो शब्द कायमचा राहिला.

या ‘कायमचा’नं शहादेवची झोप उडवली होती. दाढी करताना त्याला एकदम आठवायचं आणि अर्ध्या गालावर साबण घेऊन तो बाहेर धावायचा. “दीपे, ‘फक्त’ राहिलं! ‘फक्त’ घेतलं न्हाई आपण!” पोरगी म्हणायची, “घेतलंय पप्पा, दोनदा घेतलंय.” तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. तो पुन्हा गोधडीत शिरून ‘फक्त’ म्हणून यायचा.

बाहेरची आघाडी सत्यशीलाकडे. तिनं कुकरवालीला दटावलं, क्रिकेटवाल्या पोरांना दुसऱ्या गल्लीत पिटाळलं, कोथिंबीरवालीला तर तोंडावर बोट ठेवूनच सौदा करायला लावला. गल्ली चिडीचूप झाली. आणि नेमकी तेव्हा कोपऱ्यावरून हाळी आली.

“भंगार! जुने कूलर, जुनी सायकल, मोडकी खुर्ची, भंगार द्या!”

 आवाज शहादेवचाच होता. भंगारवाल्यानं मागं कधीतरी चहा पाजून हे बोलणं भरून घेतलं होतं आणि तेव्हापासून त्याच्या गाड्यावरची पेटी तेच घोकत होती. आजवर शहादेवला त्याची गंमत वाटायची. आज तो गोधडीच्या अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि आपलाच आवाज आपल्या दारावरून पुढं जाताना ऐकत राहिला. मेलेल्या माणसाला आपल्या घरासमोरची वर्दळ ऐकू येत असेल, तर ती अशीच येत असेल. तो गाडा आपल्यावाचून छान चालला होता. त्यानं आपल्याला काही विचारलंसुद्धा नव्हतं.

गोधडी बाजूला करून सत्यशीलानं पाण्याचा पेला आत धरला. “अहो, कापायलात कावून असं?”

“गरम व्हायलंय,” तो म्हणाला.

गरम होऊन कुणी कापतं का?  पेला त्याच्या हातात नीट बसेपर्यंत तिनं आपला हात काढला नाही.

रविवारी सकाळी दीपमाला मोबाइल नाचवत आली. पानावर विचारणा आल्या होत्या. एक उमापूरहून, एक केजकडून, एक कुठल्या अनोळखी गावाहून. पण वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“पप्पा, समदे एकच विचारायलेत. मयताचं हुईल का म्हणून. गावात सांगायला माणूस भेटत न्हाई म्हणत्यात.”

“न्हाई.” शहादेव ताडकन म्हणाला. “त्ये भरून ठेवायचं नसतं.”

त्याच्या धंद्यात हा नेमच होता. सेलची जाहिरात भरून ठेवा, मयताची कधीच नाही. ती ज्याची त्या वेळी, रिक्षात बसून, जिवंत तोंडानं सांगायची. आणि सांगून घरी आलं की उंबऱ्याबाहेरच चूळ भरायची. इतकी वर्षं सत्यशीला त्यासाठी दारात तांब्या ठेवत आली होती. ते शब्द चुकूनही आत येऊ द्यायचे नाहीत. आणि आता पोरगी म्हणते, घरात गोधडीखाली बसून माणसं मरायच्या आधीच सांगून ठेवा!

“आधीच भरून ठेवलं तर ते कुणाला तरी हुडकत फिरतं,” तो हळूच म्हणाला. आत्ता या घराभोवती काय फिरत होतं ते काय त्याला ठाऊक नव्हतं?

“पप्पा, सेलच्या जाहिराती कुणीबी करतंय. तुमचा आवाज लोकान्ला ह्याच्यासाठी पायजे. ह्ये नसल तर मग...” तिनं मोबाइल पालथा ठेवला.

तेवढ्यात रईस आला. रोज सोबत हिंडणारा दोस्त, तो दोन दिवस धंदा नसतानाही नुसता बसायला येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अबे, कायकू डरतो? घरात नगं तर माझ्या रिक्षात बस. आजवर समदी मयतं रिक्षातूनच सांगितली ना आपण?”

झालं. रिक्षा गल्लीच्या बंद टोकाला भिंतीशी लावली. दोन्ही बाजूंनी गोधड्या सोडल्या. पुढं रईस, मागं शहादेव आणि दीपमाला. शहादेवनं घसा खाकरला. आवाज संध्याकाळपर्यंत बसायचा, म्हणून वेळ थोडाच होता.

“सर्वांना कळविण्यात अत्यंत दुःख होते की...”

पाठोपाठ रईसनं सवयीनं किल्लीला हात घातला. हे वाक्य झालं की गिअर टाकायचा, इतकं ते दोघांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यानं हात मागं घेतला आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

मग नावं. दीपमाला हळू आवाजात एकेक नाव सांगायची आणि शहादेव ते म्हणायचा. उत्तरेश्वर. ताराबाई. मोहनराव. ज्याच्या दारात जातोय त्याच्या घरच्यांना लागू नये, असा त्याचा तो सूर. सुग्रीव. सुंदरबाई. प्रत्येक नावासरशी त्याच्या मनात यायचं, या नावाची माणसं आत्ता कुठंतरी जेवत असतील, भांडत असतील. दीपमाला पुढचं नाव गिळायला लागली तेव्हा त्यानंच विचारलं, “शहादेव हाय ना पुढं?”

“ऱ्हाऊ द्या पप्पा.”

“आपल्याकडं गावागणिक शहादेव हाय. ऱ्हाऊन कसं चालंल?” आणि त्यानं म्हटलं, “शहादेव.” एकदाच, स्वच्छ, कुठं न अडखळता. रईसनं पुढच्या सीटवर तोंड रुमालात खुपसलं.

“आता?” शहादेव म्हणाला.

पोरीनं डोळे पुसले आणि भानावर नसल्यासारखं पुढचं नाव वाचलं, “सत्यशीला.”

 शहादेवनं तोंड उघडलं, मिटलं.  दोन दिवसांत जी भीती त्यानं दातांखाली दाबून धरली होती ती सगळी एकदम सुटली. “न्हाई,” तो म्हणाला. “ह्ये न्हाई घेणार. काढ ते. काढ म्हन्तो ना!”

“काढलं पप्पा, काढलं.”

काम संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात तांब्या भरून ठेवलेला होता. शहादेवनं चूळ भरली. सत्यशीला उंबऱ्यावर उभी होती. गोधड्यांतून किती ऐकू जातं ते तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

“साऱ्या जिल्ह्याची नावं घेतली,” ती म्हणाली. “माझंच तेवढं कडू लागलं व्हय?”

“तसल्या कामात तुझं नाव? येडी का खुळी तू?”

“तसल्या न्हाई तर कसल्याबी. लगीन झाल्यापासनं ‘अगं ये’ आन् ‘ऐकलं का’. मांडवात समदे म्हनायलते, माईकवाला नवरदेव हाय, नाव घ्या, नाव घ्या. तुमी खाकरतच बसलतात.” ती हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला. “आता तर काय, घेतो म्हनलात तरी...”

तिनं तांब्या उचलला आणि आत गेली.

शहादेव तिथंच उभा राहिला. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, असं त्याला कुणी बजावलं नव्हतं. बाप आईला कधी नावानं बोलला नाही, चुलता चुलतीला बोलला नाही, म्हणून तोही बोलला नाही. नुसती लाज! आणि त्या लाजेपायी केवढं राहून गेलं होतं. उद्या सकाळी सहाची गाडी. 

“दीपे,” तो आत जाऊन म्हणाला, “त्यो मोबाइल लावून दे. आन् तू बाहेर बस जरा.”

“काय राहिलंय? मी सांगते की शब्द.”

“मला ठावं हाय. तू बस बाहेर.”

त्यानं गोधडी डोक्यावरून घेतली. बराच वेळ आतून नुसतं खाकरणंच ऐकू येत होतं.

पावसाळा लागता लागता शहादेव घरी आला. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड, नाकात नळी. दीपमाला आता दिवसभर टेबलाशी बसून असायची. काम येत होतं. रईस कुठं कुठं जाऊन यायचा आणि सांगायचा, “उमापुरात ऐकलं तुला भाऊ. लई भारी वाजतोस.” शहादेव मान डोलवायचा. काही हवं असलं की टाळी वाजवायचा. टाळी वाजली की सत्यशीला धावत यायची. ती अजून घाबरलेलीच होती. टाळी जरा जोरात वाजली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं.

एक दिवस दीपमाला बाजारात गेली होती. शहादेवनं तिचा जुना मोबाइल उशाखालून काढला. लेकीकडून त्यानं खुणा करून करून एक तुकडा त्यात टाकून घेतला होता. तो लावायचं धाडस काही झालं नव्हतं. भीती वाटायची. तो आवाज ऐकून आपल्यालाच रडू फुटलं तर गळ्यातल्या भोकातून श्वास कसा घ्यायचा, ही एक. आणि तिला तो परक्याचा वाटला तर, ही दुसरी.

स्वयंपाकघरात सत्यशीला पाठमोरी बसून पीठ मळत होती. त्यानं बटण दाबलं.

“सत्यशीला.”

हा रिक्षावरचा आवाज नव्हता. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाला मारलेली हाक होती, थोडी बसलेली, थोडी लाजलेली.

परातीतला हात थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. शहादेव वाट पाहत राहिला. ऐकू गेलं नाही की काय? पण तिची मान ताठ झालेली त्याला दिसत होती. मग तिला अजून ऐकायचंय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं.

“सत्यशीला.”

“आले,” ती म्हणाली, आणि जागची उठली नाही.

त्यानं पुन्हा दाबलं.