मागापुरती जमीन

मी महापालिकेच्या जकात खात्यात कारकून होते, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे. ट्रकवाल्यांशी वीस वर्षं हुज्जत घातली की कुणाचाही होईल. गल्लीतले लोक मला जरा बिचकूनच असत, आणि ते मला आवडायचं, हेही सांगून टाकते.

सिडकोतलं हे घर मला शहाण्णव साली मिळालं. त्याआधी चौदा वर्षांत नऊ खोल्या बदलल्या. नवरा लवकर गेला, आणि एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की घरमालकांकडे हटकून गावाहून पाहुणे येणार असतात. म्हणून स्वतःच्या घरात मी हौस केली ती फरशीची. हिरव्या ठिपक्यांची मोझॅक. घासायचं मशीन तीन दिवस घरघरत होतं. त्या फरशीवर कुणी ओल्या पायांनी आलं की माझं डोकं फिरायचं.

नव्व्याण्णवच्या दसऱ्याला मागची खोली भाड्याने द्यायची ठरवली. खोली बघायला येणारे आधी पाण्याचं विचारतात. तबस्सुम नवऱ्याबरोबर आली ती खाली वाकली आणि फरशीवर बोटांनी टकटक करून बघू लागली.

"ताई, खाली मातीच आहे ना?"

"तळमजला आहे. मातीच असणार. का?"

"एक खड्डा लागेल. अडीच फूट. मागासाठी."

ती येवल्याची, पैठणी विणणारी. नवरा शहजाद सातपूरला एका कारखान्यात नुकताच लागला होता. तिकडे दिरांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माग हिच्या वाट्याला आला आणि मागाखालची जमीन धाकट्या दिराच्या. खड्ड्याच्या मागाला विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. हे सगळं ती आठ घरी सांगून आली होती. दोन घरांनी नाव ऐकूनच दार लोटलं. बाकीच्यांनी खड्डा ऐकल्यावर.

"माझ्या फरशीला छिन्नी लागणार नाही!" मी ओरडलेच. शहजाद बिचारा लगेच फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. तबस्सुम जागची हलली नाही.

"म्हणजे नाही म्हणालात ते खड्ड्याला," ती म्हणाली. "आम्हाला नाही."

मी खोलीचं भाडं सांगितलं. माग विटांवर उभा करायचा, या बोलीवर ती राहायला आली.

थंडीभर ठीक चाललं. संध्याकाळी ऑफिसातून आले की मी चहाचा कप घेऊन तिच्या दारात बसायचे. बोटभर रुंदीच्या काठात ती एकेक धागा घालून मोर उठवायची. दिवसभरात एक मोर पुरा झाला तर खूष. शेजारचे गोटीराम आवाजाची कुरकुर करायचे, पण तेवढं मी बघून घेत होते.

फाल्गुनात हवा कोरडी पडली आणि रेशीम तुटायला लागलं. तार तुटायची, ती गाठ मारायची, दोन हात चालवायची, की पुन्हा तुटायची. एकदा मी मोजलं, चहा संपेपर्यंत अकरा गाठी.

"खड्ड्यात मातीचा ओलावा असतो, ताई. तो रेशमाला लागतो," ती मान वर न करता म्हणाली. "हा माग उंचावर आलाय. वाळतोय." मग गाठ आवळून म्हणाली, "रविवारी टेम्पो सांगितलाय. मी येवल्याला जाते. कुणाच्या तरी पडवीत खड्डा मिळेल. हे इथेच राहतील. मला घर मिळालं होतं, मागाला नाही मिळालं."

ती रडली असती तर मी समजूत घालून मोकळी झाले असते. ती पुढची गाठ मारत होती.

मला झोंबलं. ऑफिसातसुद्धा चित्त लागेना. नऊ खोल्या सोडताना मी काय काय बोलले होते घरमालकांना! आणि आता मी स्वतः घरमालकीण होऊन दगडाच्या ठिपक्यांना कवटाळून बसले होते. स्वतःची लाज वाटली. रविवारी सकाळी टेम्पो फाटकाशी लागला तेव्हा मी पदर खोचला, पहार उचलली आणि मागच्या खोलीत पहिला घाव घातला. फरशी तडकली तेव्हा एक हिरवा तुकडा मी उचलून बाजूला ठेवला, खोटं कशाला बोलू? पण दुसरा घाव पहिल्याहून जोरात बसला. टेम्पोवाल्याला मी तिथूनच ओरडून परत पाठवलं.

खड्डा शहजादने दोन दिवसांत खणला. माग जमिनीवर उतरला, ताणा चढला, आणि आठवड्यात गाठी थांबल्या.

गोटीराम मात्र पेटले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, त्यांची आणि माझी भिंत एकच. पुढच्या रविवारी ते गवंडी, वाळू आणि सिमेंटची गोणी घेऊनच दारात उभे.

"छायाबाई, लय झालं. भिंत खचली तर माझं घर जाईल. आज खड्डा बुजवायचा."

"माझ्या घरात?"

"भिंत दोघांची हाय!"

यात खोट काढता येईना. मागे गल्लीतले पाचसहाजण उभे होते आणि ते माना डोलवत होते. गवंड्याने अंगणात माल कालवायला घेतला. तबस्सुम मागाजवळून उठली. मग मला जे सुचलं ते मी केलं. आत गेले, तिच्या जागेवर बसले आणि दोन्ही पाय खड्ड्यात सोडले.

"घाला माल," मी म्हटलं. "माझ्या पायांवर घाला."

"उठा, छायाबाई."

"नाही उठत."

अर्धा तास गेला. एप्रिलचं ऊन होतं. गोटीराम दारात येत, बघत, परत जात. पायांना खाली गार लागत होतं, आणि रेशमाला काय हवं होतं ते तेव्हा मला कळलं. तबस्सुम हळूच शेजारी टेकली.

"ताई, बसलाच आहात तर डावा पाय दाबा."

मी दाबला. तिने आडव्या धाग्याचा धोटा फेकला. "आता उजवा." मी पुन्हा डावाच दाबला. "राहू द्या, पुढे चला." जकातीच्या पावत्या फाडण्यात हयात गेलेली बाई मी, घामाघूम होऊन पावड्या मारत होते आणि समोर बोट बोटभर जांभळं रेशीम वाढत होतं. गोटीरामांना बोलवायला त्यांची बायको भागुबाई आली ती मागासमोर फतकल मारून बसली. "अगं बया, मोराचा डोळापण इनती का ही!" गवंडीही हात पुसत आत आला. सायखेड्याकडचा, वयस्कर माणूस. तो विणकाम बघत नव्हता. तो तबस्सुमचे हात बघत होता, बराच वेळ.

बाहेरून गोटीराम ओरडले, तेव्हा तो अंगणात गेला. थापीचा आवाज आला, कोरडा.

"माल आवळला, काका. आता ह्यो कामाचा नाय."

"मग दुसरा कालव!"

"कालवतो की. पन बुजवायला कशाला? आतून ईट लावू, पलस्तर करू. भिंतीच्या अंगाला नऊ इंची घेतो. मग खचायचं भ्याच नाय."

"पलस्तर नको," तबस्सुम म्हणाली. गल्लीसमोर ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "मातीचा गारवा यायला हवा."

गवंड्याने डोकं खाजवलं. "बरं. भिंतीच्या अंगाला पलस्तर, बाकी तीन बाजूंना नुसती ईट."

गोटीरामांनी खिशातून पट्टी काढली. शेवटी भागुबाईच म्हणाली, "लावू द्या की वो. भिंत ऱ्हाती, माग बी ऱ्हातो." त्यांनी चप्पल काढली आणि आत येऊन पट्टीने भिंतीपासूनचं अंतर मोजलं. तीनदा मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उठा आता. तुम्ही बसल्यावर त्यो ईट कुठं लावनार?"

ती साडी पुरी झाली तेव्हा तबस्सुमने मला एक जागा दाखवली. दोन आडव्या रेघा, जरा जाडसर, जिथे मी डाव्यावर डावा पाय दाबला होता. ती दुसऱ्या कुणाचीही चूक उसवून काढायची, स्वतःची तर हमखास. ही ठेवली होती.

"कुणी विचारलं तर?" मी म्हटलं.

"सांगेन, घरमालकीणबाईंचे पाय आहेत."

सात वर्षं ती माझ्याकडे राहिली. गल्लीतल्या तीन मुली, भागुबाईची नात धरून, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायला शिकल्या. दोन हजार सातला त्यांनी तीन गल्ल्या सोडून स्वतःचं घर घेतलं. जाताना शहजाद म्हणाला, खड्डा बुजवून हुबेहूब तशीच फरशी बसवून देतो, ताई. मी त्याला असा आवाज चढवून नको म्हटलं की तो पहिल्या दिवसासारखा फाटकाबाहेर गेला.

त्यांच्या नव्या घरी पहिल्याच दिवशी गेले. बाहेरच्या खोलीत पांढरीशुभ्र नवी फरशी, माझ्या मोझॅकपेक्षा भारी. मी दारातच पाय पुसले. मागची खोली उघडून तबस्सुम बाजूला झाली. तिथे फरशी नव्हतीच. नुसती जमीन, पाणी शिंपडून चोपलेली, आणि मधोमध चुन्याने आखलेला चौकोन. कोपऱ्यात गोटीराम पट्टी घेऊन उभे होते, भिंतीपासूनचं अंतर मोजून झालेलं.

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिने पहार माझ्या हातात दिली.

"पहिला घाव तुमचा, ताई. इथं कुणाला विचारायचं नाही."

मी पदर खोचला.