टिलीच्या गळ्यातला नंबर

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे, कुत्रीच्या गळ्यातला. पितळेचा, हाडाच्या आकाराचा, तुमच्या अंगठ्याएवढा. माझ्या एका बाजूला ‘टिली’ हे नाव कोरलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला एक फोन नंबर. मला एवढंच बोलता येतं. आणि त्यातलं अर्धं आता खोटं आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात झाला. तिथे दाराशी एक यंत्र होतं. आत कोरा बिल्ला ठेवायचा, बटणं दाबायची, की सुई कर्रकर्र करत अक्षरं कोरायची. त्या सकाळी मार्लिस आजी आणि ऑरविल आजोबांनी बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून टिलीला दत्तक आणलं होतं. अंगावर करडे ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. आजी एकेक आकडा तपासून बटण दाबत होत्या आणि आजोबा शेजारी उभे राहून कुरकुरत होते.

“अगं, इथे सगळे ओळखीचे. हरवलीच तर कोणीही दारात आणून सोडेल. बिल्ला कशाला हवा?”

“तुम्हाला मोज्यांची जोडी दोन दिवस सांभाळता येत नाही, म्हणे कुत्री सांभाळतो!” आजी म्हणाल्या आणि त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

पुढची नऊ वर्षं मी टिलीच्या गळ्यात होतो. ती पाणी प्यायली की मी भांड्यावर टणटण वाजायचो. एकदा ती हरणामागे धावत दोन मैलांवरच्या शेतात गेली. तिथल्या माणसाने मला वाचलं, फोन लावला, आणि आजींनी दुसऱ्याच घंटीला उचलला. घरी आल्यावर त्यांनी मला एप्रनने पुसलं आणि “शाबास रे,” म्हणाल्या. एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

मग एका हिवाळ्यात मार्लिस आजी गेल्या. आजोबांनी शेत विकलं, घर विकलं आणि ते टिलीला घेऊन गावात मुलीकडे, ग्रेटाकडे राहायला आले. घरचा फोन बंद झाला. आजोबांच्या खिशात मोबाईल आला. माझ्यावर मात्र जुनाच नंबर राहिला.

ग्रेटाच्या ते लक्षात आलं. “बाबा, टिलीच्या बिल्ल्यावर बंद नंबर आहे. तिच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप बसवलीय ना, तिच्या नोंदीतही तोच असणार. एक फोन करा आणि बदलून घ्या.”

“करतो गं. या आठवड्यात करतो.”

असे किती आठवडे गेले! संध्याकाळी आजोबा टिलीला जवळ घ्यायचे आणि माझ्यावरून अंगठा फिरवत बसायचे. ते आकडे मार्लिस आजींनी दाबले होते. मला काढून टाकायला त्यांचा हात होईना. मला त्यांचा राग येत नाही. पण ओरडून सांगावंसं फार वाटायचं. पितळेला ओरडता येत नाही.

मग चार जुलै आला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, फटाक्यांचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी मार्लिस आजी दुपारीच टिलीला न्हाणीघरात ठेवायच्या आणि रेडिओ मोठ्याने लावायच्या. फटाक्यांचा तिला विलक्षण धसका होता. या वर्षी ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आजोबा अंगणात सॉसेज भाजत होते. फाटकाची कडी नीट लागली नव्हती. शेजाऱ्यांनी भर दुपारीच पहिला बार उडवला आणि टिली फाटकातून सुसाट सुटली.

ती नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या काउंटीत, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात पोचली. तिथे एका बाईने ट्रक थांबवून तिला चुचकारलं. मला उलटं केलं, नंबर लावला. ‘हा नंबर आता वापरात नाही,’ असं फोनमधून ऐकू आलं. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“अगं बाई, तुला कोणी आहे की नाही?” ती टिलीला म्हणाली.

होतं ना! मी तिथेच लोंबत होतो आणि मला ते सांगता येत नव्हतं.

बाईने टिलीला आपल्या काउंटीच्या शेल्टरमध्ये सोडलं. तिथल्या रोंडाताईंनी मानेवरून यंत्र फिरवलं. चिप सापडल्यावर त्यांचा चेहरा खुलला. पण चिपच्या नोंदीत तोच नंबर निघाला. तिथला नियम असा, की मालकाची पाच दिवस वाट पाहायची. नाही आला तर कुत्रं दत्तक द्यायचं. फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्यांनी त्या आठवड्यात पिंजरे गच्च भरलेले असतात. दार उघडलं की टिली ताडकन उभी राहायची. पाचव्या दिवशी तिने उठणं सोडलं.

सहाव्या सकाळी एक जोडपं आलं, बरोबर त्यांची छोटी मुलगी. माणसं चांगली होती. मुलीने आणलेला लाल पट्टा टिलीला घातला आणि रोंडाताईंनी मला काढून टेबलावरच्या डब्यात टाकलं.

ऑरविल आजोबा दुपारी आले. “करड्या ठिपक्यांची, एक कान पडलेला,” ते म्हणाले. रोंडाताईंनी मला डब्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“काका, बसा जरा. पाच दिवस कुठे होतात हो?”

“आमच्या काउंटीच्या शेल्टरला रोज फोन केला. बाकी दिवसभर जुन्या शेतावर. तिथे ओट्यावर माझं जाकीट अंथरून बसलो होतो. वाटलं, घरीच येईल. ती पूल ओलांडेल, हे डोक्यातच आलं नाही. आज ग्रेटा म्हणाली, नदीपलीकडेही विचारून बघा.”

रोंडाताईंनी त्यांच्यासमोर त्या कुटुंबाला फोन लावला. पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली, मग मुलीचं रडणं. शेवटी वडील म्हणाले, “माफ करा. आता नाही जमणार.” कागदांवर सह्या झाल्या होत्या. रोंडाताईंचेही हात बांधलेले होते.

आजोबा टोपी हातात फिरवत राहिले. “त्यांना सांगा, फटाक्यांच्या दिवशी न्हाणीघरात ठेवा म्हणावं. रेडिओ मोठा लावून. आणि नवा बिल्ला? चालू नंबरचा?”

“केलाय, काका. चिपवरही त्यांचाच नंबर घातलाय. मी इथेच करून घेतला. पाच मिनिटं लागली.”

“पाच मिनिटं,” आजोबा म्हणाले.

आता मी त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. कधी कधी ते मला वाचून एकेक आकडा दाबतात. फोन कानाला लावून तोच निरोप शेवटपर्यंत ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल, तर त्याच्या गळ्यातला बिल्ला आत्ता उलटा करा आणि त्यावरचा नंबर लावून बघा. तुमच्या घरातला फोन वाजला पाहिजे. चिप असेल तर तिच्या नोंदीत कोणाचा नंबर आहे, तेही विचारून घ्या. ‘या आठवड्यात करतो’ म्हणू नका. तुमचं कुत्रं अनोळखी माणसापुढे उभं असेल, तेव्हा त्याच्या वतीने बोलायला फक्त आम्ही असतो. आणि आम्हाला तुम्ही कोरलंय तेवढंच बोलता येतं.