मोहाखालची झाडलेली जागा

धनराजला कर्ज निवडायचं होतं, आणि हा माणूस साधी चप्पल घ्यायची तरी बायकोला तीनदा विचारणारा. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली, तीही सगळी क्वार्टरमध्ये. वर्षभरात तो निवृत्त होणार, क्वार्टर सुटणार. वच्छलाने लग्नापासून नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, स्वतःचं अंगण. दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी मागून मागून ती विटली होती.

म्हणून मूल शहराजवळच्या एका खेड्यातलं मुखरूभाऊचं घर पाहिलं. म्हातारा आता लेकीकडे राहायला निघाला होता. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे वाडी आणि वाडीच्या टोकाला मोहाचं झाड. ते झाड तोडून तिथे मुलासाठी, आदेशसाठी, खोली काढायची, असा नकाशाही धनराजने करून घेतला. पहिल्यांदा तो एकटाच जाऊन आला होता. घरी येऊन कौतुकाने म्हणाला, "म्हातारा लय टापटिपीचा हाय. झाडाखालीसुद्धा कचरा ठेवत नाई, झाडून लख्ख!"

कारखान्याच्या वसाहतीत जन्मलेला माणूस, त्याला काय ठाऊक.

कर्जं दोन होती. चंद्रपूरच्या एका फायनान्स कंपनीचा पवन घरी येऊन, दोन कप चहा पिऊन सांगून गेला की कागद कमी, पैसे चार दिवसांत. व्याज मात्र साडेतेरा टक्के. मूलच्या सरकारी बँकेचं व्याज नऊच्या आत, आदेशच्या पगारावर दोघांच्या नावाने मिळणारं, पण तिथे प्रश्नांना अंत नव्हता. जागा पाहायला साहेब येणार, आणि इथे दुसऱ्या कोणाची वहिवाट नाही असं लिहून द्यायचं. धनराज म्हणाला, "बँकच बरी. आपल्याले काय लपवाचं हाय?"

फाल्गुनात बँकेच्या रंजीता मॅडम पाहणीला आल्या. वच्छलाही त्या दिवशी पहिल्यांदाच आली. अंगण पाहून तिचे डोळे भरले. तुळस कुठे, पापड वाळवायची खाट कुठे, सगळं तिने उभ्या उभ्या मनात मांडून टाकलं. मग ती मागे वाडीत गेली आणि मोहाखाली थबकली. सावली तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली बाई ती, तिला जमीन बघताच कळलं. मोह गळायच्या आधी जो झाडाखालची जागा झाडतो, फुलं त्याची. मग कागदावर नाव कोणाचं का असेना.

"मुखरूभाऊ, इथी मोहा कोण वेचते?"

"इतवारी. बाजूच्या टोल्यावरच्या वस्तीत राह्यते. पह्यले तिची सासू वेचे," मुखरू म्हणाला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम सांगावी असं त्याला वाटलंच नव्हतं.

धनराजचा चेहरा उतरला. "हळू बोल ना," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला. पण इतवारी कुंपणापाशीच उभी होती. वाळकी, साठीची बाई, हातात खराटा. कशासाठी माणसं आली आहेत आणि झाडाचं काय होणार आहे, हे तिला मुखरूने सकाळीच सांगितलं होतं.

मॅडमनी फाईल उघडली. "या जागेवर कोणाची वहिवाट आहे का?"

वच्छलाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे.

"कोनाची नाई, बाई," इतवारीच बोलली. खराटा तिने पाठीमागे धरला. "मी असीच आली होती."

झालं! स्वस्त व्याज, आदेशची खोली, सगळं पदरात पडलं होतं. धनराजने फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तो पाठीमागचा खराटा त्याला दिसत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"वहिवाट हाय, मॅडम," तो म्हणाला. "हे बाई इथी मोहा वेचते. इतवारीबाई, खराटा काऊन लपवता?"

मॅडमनी पेन टेकवलं. "मग एवढी जागा तारण घेता येणार नाही, काका. मोहाचा तुकडा वगळून मोजणी करा. घर आणि अंगणावर कर्ज बसेल. नव्या खोलीचं मात्र नाही जमायचं."

त्याच संध्याकाळी पवनचा फोन आला. त्याच्या कर्जात झाड आडवं येणार नव्हतं. सगळी जागा, वर खोलीसुद्धा. धनराजने जन्मात पहिल्यांदा बायकोला न विचारता उत्तर दिलं, "नाई पाह्यजे, भाऊ. ज्यानं वहिवाट इचारली, त्याचंच घेतो."

आदेश चार दिवस फुगून बसला. मग म्हणाला, दिवाळीला आलो की अंगणात खाट टाकू. मुखरूने तुकडा आपल्या नावावर ठेवला आणि तेवढी किंमत उतरवली.

चैत्र सरता सरता खरेदी झाली. वच्छलाने अंगण शेणाने सारवलं, आणि त्यावर पहिल्यांदा वाळत पडली ती इतवारीची मोहफुलं. दोघी सावलीला बसून पाखरं हाकत होत्या.

"त्या दिवशी खोटं काऊन बोलल्या, बाई?" वच्छलाने विचारलं. "झाड गेलं असतं ना तुमचं."

इतवारीने ओंजळभर फुलं पसरून सारखी केली.

"तुमाले घर नोहोतं ना," ती म्हणाली. "मले हाय."