उजवा कौल

अयोध्यानं बारवेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरले आणि बलभीमला वरच्याच पायरीवर थोपवलं.

"बाजूला हो."

"पाय पाण्यात घालणार न्हाईस ना, दादा? मग होते."

बलभीम तिचा चुलतभाऊ. एरवी ज्वारीचं पोतं एका हातानं उचलणारा गडी, पण आज भिंतीला धरून एका पायावर उभा होता. डावा घोटा टरारून सुजलेला. वरच्या फोडातून नारूच्या जंताचा पांढरा दोरा बाहेर डोकावत होता. तो काडीला गुंडाळून कुणीतरी वरून रुईचं पान बांधून दिलं होतं.

"लई आग होती गं. नुसता बुडवतो आन लगेच निघतो."

"तेच तर नको! तू पाय बुडवलास की नारू पाण्यात पिल्लं सोडतो, आन तेच पाणी आपण घागरी भरभरून घरी नेतो. वर्षानं तो दुसऱ्या कुणाच्या तरी पायातनं निघतो. मी बादली आणते. बादलीत बुडव, मग ते पाणी लांब रानात ओतू."

हे तिला शाळेच्या पुस्तकातून कळलं होतं, आणि तालुक्याहून आलेल्या आरोग्य खात्याच्या माणसानं काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी धरून दाखवलंही होतं. पेल्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. गाव हसलं होतं. अयोध्या मात्र त्या दिवसापासून पाणी पिताना डोळे बारीक करून आत बघायची.

"माझ्या लेकाला पाण्यापासनं अडवतीस व्हय?"

मागून कोंडाबाई आली होती, बलभीमची आई, अयोध्याची चुलती. तिच्या कडेवर घागर होती. ती घागर तिनं तशीच पुढं रेटली. अयोध्याचा तोल गेला आणि ती भिंतीला आदळली.

"बारव काय तुझ्या बापानं खोदली? चार बुकं शिकली आन चालली पाण्यावर पहारा द्यायला."

बलभीम खाली उतरला. शेवटच्या पायरीवर बसून त्यानं पाय पाण्यात सोडला आणि डोळे मिटून मोठा श्वास टाकला. त्याच्या शेजारीच कोंडाबाईनं वाकून घागर बुडवली. भरेपर्यंत ती एकटक अयोध्याकडं बघत होती. मग त्याच घागरीतलं ओंजळभर पाणी ती तिच्यासमोर प्याली.

अयोध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खांदा दुखत होता म्हणून नव्हे. तिचे आबा, म्हणजे वडील बिभीषण, गेली दोन वर्षं ऐन पेरणीत नारूनं अंथरुणाला खिळले होते. दोन्ही वर्षं तिफणीमागं अयोध्याच चालली होती आणि शाळेत गुरुजींच्या हातापाया पडून पुन्हा बसली होती. यंदा आबांनी सरळ सांगून टाकलं होतं, "ह्या बारीला माझा पाय गेला तर शाळा बास. जळकोटला रोज चालत जायचं, आन रान पडीक ठेवायचं, हे मला जमायचं न्हाई." म्हणजे तिचं दप्तर त्या बारवेच्या पाण्यावर तरंगत होतं. कधी बुडेल त्याचा नेम नव्हता.

मग ती दारोदार फिरली. तिचं म्हणणं साधं होतं. बारवेच्या पायऱ्यांच्या तोंडाला भिंत घाला आणि वर रहाट बसवा. कुणाचा पाय पाण्यात पडायला नको, आणि ओढ्याला पूर आला की शेण, गाळ, मेलेली कोंबडी सगळं पायऱ्यांवरून धडधडत आत येतं तेही बंद होईल. गेल्या श्रावणात पूर ओसरल्यावर सगळं गाव आठवडाभर तांबडं पाणी पीत होतं, अर्ध्या घरांत जुलाब लागले होते.

"शाळेत हेच शिकवतेत व्हय गं, पाणी कसं पिऊ ने?"

"सासरी जाऊन घाल भिंती. नवरा म्हणंल, गवंडीणच केली की काय म्या!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. काटे आतल्या बाजूला करून. अयोध्यानं त्या ओढत नेऊन कुंपणाला लावल्या. "बरं झालं, कुंपणाला कमीच पडत होत्या," असं ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

पण खरी अडचण निराळीच होती. बारवेत, पाण्याच्या अंगाला, एका कोनाड्यात साती आसरा होत्या. शेंदूर फासलेले सात दगड, पाण्याच्या सात देव्या. नवी नवरी ओटी घेऊन तिथं उतरायची, बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघाली की तिथं हळदकुंकू वाहायची. पूजेचा मान कोंडाबाईच्या हातात होता. पायऱ्यांचं तोंड बुजवलं की आसरा आत आणि बाया बाहेर.

पारावर बैठक बसली तेव्हा कोंडाबाईनं हाच मुद्दा काढला.

"सात जणींना जित्या कोंडणार व्हय? आन कोंडणार कोण, तर पाशामियाँ!"

पाशामियाँ गावातला एकुलता एक गवंडी. तो पाराच्या खाली, जोड्यांजवळ बसला होता. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. रझाकारीचे दिवस सरून बरीच वर्षं झाली होती, पण अशा वेळी माना अजून तशाच वळायच्या.

"तौबा," पाशामियाँ उठून उभा राहिला. "तुमचा देव कोंडायला माझी थापी? उद्या कुणाची म्हैस आटली तरी माझ्या दारात याल. मला ही झंझट नको, सरपंच. पोरीनं खुशाल दुसरा गवंडी बघावा."

"चाचा, तुमच्या कुलसुमबीला पण नारू झालता की!" अयोध्या बायकांच्या घोळक्यातून ओरडली.

"झालता. घरच्या घरात झालता. गावावर आळ घातला का म्या?" तो तिच्यावरच खेकसला आणि खाली बसला.

सरपंच महालिंगप्पांना निवडणुकीत दोन्ही बाजूंची मतं हवी होती. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि वाट काढली.

"आसरांनाच विचारू. वर चौथरा बांधला तर वर येता का म्हणून कौल लावायचा. यायचं म्हणाल्या तर भिंत घालायची. न्हाई म्हणाल्या तर ह्या पोरीनं तोंडाला कुलूप घालावं."

"लावा की," कोंडाबाई म्हणाली. तिला घाई नव्हती. "आसरा कुवारणी हायत, कौल कुवारणीनंच लावावा लागतो. मग हिनंच लावावा. हिच्याच हातानं डावा पडू दे, म्हंजी कुणावर आळ नको."

हशा पिकला. अयोध्याचे कान तापले. दगड काय बोलणार, असं ती आठवडाभर घरोघर सांगत फिरली होती. आता नाही म्हणावं तर भ्याली, आणि लावावा तर दगड बोलतो हे कबूल केलं. तिनं आबांकडं बघितलं. बिभीषणनं पंच्याच्या टोकानं मान पुसली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "लाव."

मंगळवारी सकाळी सगळ्या बाया पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. पुरुष वर काठाला. खाली गारवा होता, शेवाळाचा वास होता. कोंडाबाईनं मधल्या दगडावर पाणी शिंपडलं, अयोध्याच्या तळहातावर कण्हेरीच्या दोन पाकळ्या ठेवल्या आणि मोठ्यानं हाळी दिली.

"आयांनो, वर येणार असाल तर उजवी पाकळी आधी खाली द्या. हितंच ऱ्हाणार असाल तर डावी द्या. पोरीचं ऐकू नगा, पोरीच्या बापाचं ऐकू नगा. तुमच्या मनाचं सांगा!"

अयोध्यानं पाकळ्यांकडं बघितलं. लहानपणी ती अशाच पाकळ्या नखांना चिकटवून नवरी व्हायची. नीट भिजवून, बोटानं चोळून लावली तर पाकळी दुपारपर्यंत टिकायची. कोरडी लावली तर हात हलवायचाच अवकाश. तिनं डावी पाकळी पाण्यात बुडवली, अगदी भक्तिभावानं बुडवून ठेवली, आणि दगडाच्या डाव्या अंगाला दाबून लावली. उजवी बोटांच्या चिमटीत झटकली आणि शेंदराला नुसती टेकवली.

एका तान्ह्या पोरानं कुरकुर केली, त्याला आईनं पदराखाली घेतलं. अयोध्या उजव्या पाकळीकडं एकटक बघत राहिली.

उजवी पाकळी सुटली, गिरकी घेत पाण्यावर उतरली.

तिला तिथल्या तिथं उडी मारावीशी वाटली. तिनं ओठ आत दाबून धरले. वर पुरुषांत गलका उठला. कोंडाबाई मात्र खाली वाकली, दगडाच्या इतक्या जवळ की तिचं कपाळ शेंदराला लागेल. बराच वेळ ती तशीच राहिली. मग तिनं पदराच्या टोकानं दगड हळूच पुसून घेतला, चिकटलेली डावी पाकळी उचलून पाण्यात सोडली आणि सरळ उभी राहिली.

"आसरा उजव्या झाल्या," ती म्हणाली. "पोरीचा हात खरा ठरला."

तिच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. अयोध्याला तेच जास्त टोचलं.

पाशामियाँ तरी सहजासहजी कामाला आला नाही. त्यानं अट घातली. पहिला दगड कोंडाबाईनं ठेवायचा, दुसरा सरपंचांनी, सगळ्या गावासमोर. तिसऱ्यापासून त्याचं काम. तसं झालं. सात दगड वाजतगाजत वर आले, चौथऱ्यावर बसले. भिंत पुरुषभर उंच चढली, शेवटचा थर बसला आणि पाशामियाँ थापी धुवायला वाकला, तेव्हा कोंडाबाईनं सगळ्यांना हाक मारून चौथऱ्यापाशी गोळा केलं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि पदरात कण्हेरीची फुलं.

"आता एक कौल माझा," ती म्हणाली. "भूमला माझ्या भावाचा पोरगा हाय. बाजारपेठेत दुकान हाय. अयोध्याचं लगीन ह्याच सराईत त्याच्याशी लावून टाकावं का, आसरांना विचारते. लग्नाचा कौल कुवारणीनं लावायचा नसतोय. म्या लावते."

बायका हरखल्या. "लई ग्वाड सोयरीक," असं कुणीसं म्हणालं.

"आन भूमला पाणी कमी," कोंडाबाईनं अयोध्याकडं बघत पुढं जोडलं. "कोसभर लांबनं आणताना ह्या बारवेची आठवण येईल तिला."

अयोध्यानं आबांचा हात धरला. बिभीषणचा चेहरा उतरला होता, पण तो म्हणाला तेच, जे सगळ्या गावासमोर कुणीही म्हणालं असतं.

"आसरांचीच मर्जी असंल तर मी कोण, वैनी?"

पाकळी कशी पडते हे अयोध्याला चांगलं ठाऊक होतं. ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं असतं. मग सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? आणि भिंत तिच्या पाठीशीच होती, ओली. चुन्याचा वास येत होता. काठावर टेकलेल्या चार गड्यांनी मनात आणलं असतं तर दिवा लागायच्या आत ती भिंत बारवेच्या तळाला गेली असती. बलभीम त्या चौघांतच होता, पान बांधलेला पाय ताणून.

कोंडाबाईनं फुलाची पाकळी खुडली.

"थांबा, काकी!"

आवाज अयोध्याचाच होता, पण तो इतका खणखणीत येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"आज विचारायचं न्हाई. आसरा आत्ताच वर आल्यात. लेक माहेराला आली तर आपण तिला उंबऱ्यातच कामं सांगतो व्हय? त्यांना टेकू द्या. चुना ओला हाय तवर त्यांना दुसरं काही विचारायचं न्हाई."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. माझा हात खरा ठरलाय ना? तुम्हीच म्हणलात."

कोंडाबाईनं चिमटीतली पाकळी मुठीत आवळली. मागून एक म्हातारी म्हणाली, "खरंय बाई. नव्या जागेला लगेच इचारू ने. कोपत्यात." दुसरीनं हात जोडले. मग बऱ्याच जणींनी जोडले.

महालिंगप्पांनी पाशामियाँला विचारलं, "काय मियाँ, चुना वाळायला किती दिवस?"

पाशामियाँनं मान वर केली नाही. "वरनं दोन दिवसांत वाळतोय."

अयोध्या पुढं सरकली. "आन आतनं, चाचा?"

"आतनं?" तो थापीवरचा चुना खरवडत राहिला. "आतनं व्हय? आतनं वरीसभर ओलाच असतोय. एक पाऊसकाळ खाल्ल्याबिगर घट्ट व्हायचा न्हाई."

"मग वरीसभर थांबा," महालिंगप्पा म्हणाले आणि धोतर झटकून उठले. त्यांना घरी जायचं होतं.

माणसं पांगली. बिभीषण लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. चौथऱ्यापाशी दोघीच उरल्या. कोंडाबाईनं तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, फुलं सात दगडांवर वाहिली, एकेक करून, कुठलीही घाई न करता. मग ती अयोध्याच्या अगदी जवळ आली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता.

"वरीस काय, बघता बघता सरतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या कुठं जात न्हाई. आन पुढच्या खेपंला डावी पाकळी येवढी भिजवू नकोस. दगडावर वघळ उतरतोय, लांबनं दिसतोय."